गिटारवाल्या शाहिराचं शेवटचं कडवं

परत येऊन महिना होत आला. भंडारा जिल्हा कसा आहे असं कुणी विचारलं की मी तिथल्या तलावांबद्दल सांगतो, कापणीला आलेल्या धानाच्या वासाबद्दल सांगतो, उकडलेल्या शिंगाड्यांबद्दल सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रवास छान झाला. तो झालाही. पण तिथं भर दुपारी, सगळ्या गावासमोर, माझ्या हातून एक गोष्ट घडली. ज्याचं तिच्यामुळे नुकसान झालं त्या माणसानं त्यावर जे केलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. तोंडी सांगताना मी दरवेळी त्या जागेपर्यंत येतो आणि पुन्हा शिंगाड्यांकडे वळतो. म्हणून लिहायला बसलो.

मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. शेजारच्या खोलीत हिरामण खिळे जुळवतो. तो सानगडीच्या पुढच्या एका गावचा. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो. मला गाण्याचा नाद आहे, म्हणजे तिकीट काढून, खुर्चीवर बसून, योग्य जागी मान हलवण्याचा. हिरामणला त्याचं हसू यायचं.

"तुमचं गानं बसून असते भाऊ," तो म्हणायचा. "आमचं उभं असते. म्हनून तं त्याले खडी गंमत म्हनतात."

गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे उभ्यानं. एक पार्टी कलगीची, एक तुर्र्याची. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. एवढं मला त्याच्याकडून कळलं होतं. मग एके दिवशी तो म्हणाला, की त्यांच्याकडचे अंताराम शाहीर गंमतीत गिटार वाजवतात.

"गिटार?"

"हव. विजेची. ढोलकी, डफ, तुनतुनं आन् मधात गिटार. वीस वर्स होत आले."

मी हसलो. तो म्हणाला, "हसा. पन या एकदा मंडईले."

तिकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपापला दिवस. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, बाजार लागतो आणि दिवसाउजेडी गंमत उभी राहते. ब्याऐंशी सालची दिवाळी पुण्यात करून मी निघालो.

माझा एक स्वभाव आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. कुणी माझ्यासाठी काही केलं की मला त्याचं ओझं होतं. कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी. मी लगेच काहीतरी देऊन मोकळा होतो. लोक मला उदार म्हणतात. मी उदार नाही, मला फक्त मोकळं व्हायचं असतं.

सानगडीच्या पुढे

रेल्वे आणि दोन एस.टी. यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सानगडीला हिरामण रेंगी घेऊन आला होता. रेंगी म्हणजे हलकी, एका-दोघांची बैलगाडी. ती इतकी नाचते की बोलताना जीभ चावली जाते. दोन्ही बाजूंना धान. लवकर पिकणारा कापून आडवा पडलेला, उशिराचा अजून उभा, आणि त्या दोहोंवर ऊन. मी दोनदा म्हणालो, "काय सुंदर भात आहे," तेव्हा हिरामण म्हणाला, "भात ताटात भाऊ. शेतात धान."

गावाच्या तोंडाशी त्यांची बोडी आहे. आपण तळं म्हणू, ते बोडी म्हणतात. पलीकडच्या काठाला काही बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिंगाड्याचे वेल चाचपत होत्या. हिरामणनं बैल पुढे हाकलून दिले, ते आपले आपण घरी जातात म्हणाला, आणि मला पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, चालवत नेलं. मध्येच तो थांबला. खेकड्यानं पाळीला भोक पाडलं होतं आणि त्यातून बाहेरच्या बाजूला ओल आली होती. त्यानं मातीचं ढेकूळ उचललं, भोकात घातलं, टाचेनं दाबलं आणि बोलत होता ते पुढे बोलू लागला.

"हे काम कुणाकडे असतं?" मी विचारलं.

"कोन्तं?" त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "कोनाकडंच नाही. ज्याले दिसलं त्यानं टाकाचं."

घरी त्याच्या आईनं पायावर पाणी घातलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी किती तुमाले?"

"एक."

"लग्नाची?"

"नाही माय, सातवीत आहे."

"मंग कायले आले मंडईले?"

सगळं घर हसलं. नंतर हिरामणनं सांगितलं की तिकडे निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळतात. मुलीचे बाप बाजारात जिलेबी घेता घेता मुलगा बघून घेतात. आमच्याकडे कांदेपोह्यांना बसवून मुलीला घाम फोडतात, त्यापेक्षा हे बरं वाटलं. जेवायला मटणाचा रस्सा होता, वाटीत नाही, ताटात भाताचं आळं करून त्यात ओतलेला. मी पानातलं काही टाकत नाही, पण त्या दिवशी हिरामणच्या आईनं तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा हात जोडले. "पुन्याचं पोट," ती म्हणाली, जणू एखाद्या आजाराचं नाव.

अंतारामभाऊंच्या अंगणात

संध्याकाळच्या आधी हिरामण मला शाहिरांकडे घेऊन गेला. मनात मी फेटा, उपरणं, भरदार आवाज असं काही धरून गेलो होतो. अंगणात साठीचा एक वाळका माणूस उखळाशेजारी उकिडवा बसला होता. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. तुमसरच्या राईस मिलमध्ये तरुणपणापासून पोती वाहिलेली, तो खांदा मिलनंच खाली केलेला. समोर त्यांची बायको शेवंताबाई मुसळ घेऊन उभी. नव्या धानाचे पोहे चालले होते.

मी ते बघतच राहिलो. मुसळ वर गेलं की अंतारामभाऊंचा हात उखळात जाई, पोहे खालवर करी आणि मुसळ खाली यायच्या आत बाहेर येई. दोघंही हाताकडे बघत नव्हती. दोघं गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, फक्त चाल.

"हे गानं हात वाचवाचं आहे," अंतारामभाऊ मला म्हणाले. "चाल चुकली का बोट गेलं."

"पस्तीस वर्स झाले, एक बोट नाही गेलं अजून," शेवंताबाई म्हणाली. "मी वाट पाहून राहिली."

गिटार भिंतीला खुंटीवर होती, सुपाच्या शेजारी. रंग उडालेला, एक खुंटी तुटलेली, तिथं सायकलच्या दुकानातला काहीतरी तुकडा बसवलेला. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं तुमसरला मोडकी म्हणून टाकून दिली होती. अंतारामभाऊंनी ती उचलली, तुणतुण्याच्या तारा चढवल्या आणि तुणतुण्यासारखीच वाजवायला लागले.

"कशासाठी?" मी विचारलं. प्रश्न उद्धट होता हे विचारल्यावर कळलं. त्यांना तसं वाटलं नसावं.

"मिलच्या कोंड्यानं गळा खाल्ला ना भाऊ. ढोलकीच्या वर माहा आवाज जाईना. मंग हिले घुसवली मधात. हे पुढून ढकलते आन् मी मागून जातो."

खरोखर त्यांचा आवाज घोगरा आणि बारीक होता. अंगणाच्या कुडाबाहेर तो पोचला नसता.

उद्याची गंमत साधी नव्हती, हेही तिथंच कळलं. तुर्र्याचे मनिराम शाहीर अड्याळकडचे, अंतारामभाऊंच्याच वयाचे, त्यांचे जुने जोडीदार आणि जुने विरोधक. त्यांना हे विजेचं लाकूड गंमतीत नको होतं. मागच्या मंडईत वाद वाढला आणि बोली लागली. या वर्षी मनिराम एक सवाल टाकणार. अंताराम हरले, तर गिटार खाली, पुन्हा कुठल्याच गंमतीत घ्यायची नाही. मनिराम हरले, तर पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः गिटारीवर गायचं.

"आणि गिटार खाली ठेवावी लागली तर?"

"तं गप बसन घरी," उत्तर शेवंताबाईनं दिलं. "मले बरंच आहे." पण हे बोलताना तिचं मुसळ वरच थांबलं होतं.

आम्हाला त्या ताज्या, गरम पोह्यांवर दही आणि गूळ मिळाला. असे पोहे मी आयुष्यात खाल्ले नव्हते. खाऊन झाल्याबरोबर माझा हात खिशाकडे गेला. हिरामणनं डोळ्यांनीच मला थांबवलं.

वाटेत तो म्हणाला, "घरी नका देऊ काही, त्यायले राग येते. उद्या द्या, गंमतीत. तिथं इनाम कोनी वापस करत नाही. तुमी नोट धरली का नाच्या येते घ्याले. मंग शाहीर गानं थांबवते, तुमचं नाव गाते, आन् मंग पुढं जाते."

हे त्यानं नीट सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मंडईचा दिवस

सकाळपासून बैलगाड्या येत होत्या. बांगड्या, फुगे, जिलेबी, विळे, कुऱ्हाडी, आणि एका ताडपत्रीवर फक्त शिंगाडे. चिंचेखाली जागा शेणानं सारवलेली. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, मधून गंमतीपुरती मोकळी जागा. चिंचेच्या फांदीला भोंगा बांधला होता आणि खाली ट्रॅक्टरची बॅटरी. त्यातून निघालेली एक तार अंतारामभाऊंच्या गिटारीत गेली होती.

गंमतीला सुरुवात झाली आणि मला पहिला धक्का बसला तो अंगाला. आधी ढोलकी, मग डफ, ते माझ्या ओळखीचं. मग अंतारामभाऊंनी तारेवर हात मारला. भोंगा लहान आणि आवाज मोठा, त्यामुळे तो आवाज फाटून बाहेर आला. लाकूड चिरल्यासारखा, किंवा मोठ्या जनावरानं घसा साफ केल्यासारखा. माझ्या छातीत काहीतरी हललं. मी घाबरून हिरामणचा दंड धरला. त्या फाटक्या आवाजाच्या मागून अंतारामभाऊंचा बारीक घोगरा गळा आला आणि तो ढोलकीच्या वर, बायकांच्या वर, जिलेबीवाल्याच्या वर जाऊन चिंचेच्या शेंड्यावर बसला. काल कुडाबाहेर न पोचणारा हाच माणूस होता. वाळका, एक खांदा खाली, आणि पायांनी जमीन तुडवत होता.

मी चाळीस वर्षं मान हलवत गाणं ऐकलं. त्या दिवशी मान हलवायचं सुचलं नाही. तोंड उघडं राहिलं असावं, कारण शेजारचा म्हातारा म्हणाला, "माशी जाईन पाव्हने."

सुरुवातीच्या गाण्यांत इनाम येत होतं. कुणी रुपया, कुणी दोन. लुगडं नेसलेला नाच्या चाळ वाजवत यायचा, मिशी भादरलेली पण तिची निळी रेघ राहिलेली. नोट घेऊन शाहिराच्या कानात नाव सांगायचा. गाणं थांबायचं आणि तिथल्या तिथं नाव जोडलं जायचं. एका जावयानं रुपया दिला, तर अंतारामभाऊंनी त्याला त्याच्या सासूसकट गायलं, की रुपया इथं देतो आणि विडा सासूच्या पैशानं खातो. बायकांच्या बाजूला एक म्हातारी पदरात तोंड घालून हसत सुटली. तीच सासू.

मग मनिराम शाहीर पुढे आले. उंच, पांढरा फेटा, हातात फक्त डफ. भोंग्याकडे पाठ करून त्यांनी सवाल टाकला. एकच ओळ, पुन्हा पुन्हा:

बोडी कोनाची रे गड्या, बोडी कोनाची?

नेमकं तेव्हाच हिरामणला बहिणीला गाडीत बसवून द्यायला जावं लागलं. "आलोच," म्हणून तो गेला. मी त्या म्हाताऱ्याशेजारी राहिलो.

अंतारामभाऊंनी बराच वेळ नुसती एक तार छेडली. मग जवाब सुरू झाला.

खोदनाऱ्याची म्हनू तर तो खोदून मरून गेला,
पानी हाले अजून गड्या, हात कोठं गेला?

लोक "वा रे" म्हणाले. साथीदारांनी धरलं, बोडी कोनाची.

मालकाची म्हनू तर त्याचा कागद वाळवी खाये,
बेंडूक काही कागद वाचून उडी मारत नाये.

हशा उसळला. मनिरामही हसले. गिटार आता ओरडत नव्हती, ती दबा धरून चालली होती.

पावसाची म्हनू तर पाऊस चार महिन्याचा पाव्हना,
जेवला-खाल्ला, वाटे लागला, मालक कायले म्हना?

आणि इथं अंतारामभाऊ थांबले. पंजा तारांवर ठेवून त्यांनी गिटारीचा आवाज मारला. ढोलकी थांबली. डोळे मिटून ते उभे राहिले. पानं हलत होती तेवढीच.

मला वाटलं, गाणं संपलं.

आमच्याकडे अशी शांतता झाली की गाणं संपलेलं असतं. मग आपण आपलं काम करायचं असतं. माझे डोळे भरून आले होते, छातीत तो आवाज अजून होता, कालचे पोहे होते, आणि हे सगळं मला फेडायचं होतं. मी उभा राहिलो आणि शंभराची नोट वर धरली.

नाच्यानं पाहिलं, पण तो हलला नाही. मला वाटलं त्याला दिसली नाही, म्हणून मी हात आणखी वर केला आणि नोट हलवली. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं धोतर ओढलं. "बसा पाव्हने," तो पुटपुटला. "बसा ना." मला वाटलं, एवढी मोठी नोट देऊ नका म्हणतोय.

अंतारामभाऊंनी डोळे उघडले. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनिरामकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी नाच्याला मान हलवून खूण केली. नाच्या आला, नोट घेतली, माझं नाव विचारलं. त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

अंतारामभाऊंनी माझं नाव गायलं. पुण्याचे पाव्हने, दूरचे पाव्हने, आमच्या अंगणात पोहे गोड मानून घेतलेले पाव्हने. चार ओळी, गिटारीसकट, कुठेही कमी न करता. तेवढा वेळ मी हात जोडून उभा होतो आणि मला फार छान वाटत होतं. हे मला लिहायलाच हवं. मला फार छान वाटत होतं.

मग मनिरामांनी डफावर थाप मारली.

"तुटला," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. "जवाब तुटला."

सवालाचा जवाब चालू असताना इनाम द्यायचं नसतं. दोन वर्षांच्या पोराला माहीत असलेली ही गोष्ट. पण पुढे केलेलं इनाम शाहिराला नाकारता येत नाही, तो देणाऱ्याचा अपमान होतो. आणि त्यासाठी जवाब थांबवला, तर तुटलेला जवाब पुन्हा जोडता येत नाही. हे तिन्ही नियम त्या चिंचेखाली सगळ्यांना ठाऊक होते, एक मी सोडून. आता म्हाताऱ्यानं ते मला हळू आवाजात समजावून सांगितले, आजाऱ्याला सांगावे तसे.

गावची चार वडीलधारी माणसं पुढे सरकली, एकमेकांकडे पाहून त्यांनी माना हलवल्या. अंतारामभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी गिटारीतून तार काढली. भोंग्यातून टक् असा आवाज आला. गिटार गळ्यातून उतरवून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि मनिरामांना हात जोडले. मनिरामांनी ते हात धरले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा असतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ते पार खचले होते.

मी ओरडून सांगायला हवं होतं. लोक माझ्याकडे रागानं बघतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. कुणी बघितलं नाही. म्हाताऱ्यानं मला बसायला जागा करून दिली आणि खिशातून शिंगाडा काढून पुढे केला.

हिरामण परतला तेव्हा गंमत मोडली होती. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, मग पटकन काढला.

"मी वडीलधाऱ्यांना सांगतो," मी म्हणालो, "चूक माझी आहे. ती धरू नका."

"तुमची धरलीच कोठं?" हिरामण म्हणाला. "पाव्हन्याची चूक आमच्याकडे धरत नाही. म्हनून तं अंतारामभाऊची धरली."

निघताना

सकाळी निघण्याआधी मी एकटाच अंतारामभाऊंकडे गेलो. गिटार सुपाच्या शेजारी होती. पोहे चालले होते. मी अंगणात उभा राहिलो आणि पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

"बसा भाऊ," ते म्हणाले. "कायले असं तोंड करून राहिले?"

"तुमचं गाणं मी तोडलं."

"तोडलं?" ते हसले. "वाचवलं म्हना. शेवटचं कडवं होतं कोठं माह्याजवळ? तीन कडवे झाले आन् डोस्क्यात अंधार. म्हनून तं थांबलो होतो. सुचेचना. तेवढ्यात तुमी हात वर केला. मले वाटलं, देवच उभा झाला."

"म्हणजे..."

"म्हंजे तुमी नसते, तं गावासमोर तोंड मिटून हरलो असतो. आता पाव्हन्याच्या मानासाठी हरलो. फरक आहे का नाही?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सांग ना व यायले."

शेवंताबाई पोहे पाखडत राहिली.

"आणि गिटार?"

"बोली ते बोली. पन मले बी आरामच आहे. हा खांदा दुखते तिच्या पट्ट्यानं."

मला रडू आलं. इतकं हलकं मला लहानपणानंतर वाटलं नसेल. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी अर्ध्यात धरलं. पोहे पुन्हा खाल्ले, दोनदा मागून घेतले, आणि खिशाकडे हात गेला नाही. रेंगीपर्यंत मी जवळजवळ पळतच आलो. हिरामणला सगळं सांगितलं. तो "हव काय," एवढंच म्हणाला आणि बैलांकडे बघत राहिला.

बोडीच्या पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की माझा मफलर शाहिरांच्या अंगणात राहिला. बायकोनं विणलेला. "थांब, आलो," म्हणून मी उतरलो आणि पाळीवरून उलटा गेलो.

कुडाजवळ आलो तर आत मुसळाचा ठेका चालू होता. दोघं गात होती. अंतारामभाऊंचा आवाज गिटारीशिवाय इतका बारीक होता की मला कुडाला टेकून उभं राहावं लागलं. बोडी कोनाची रे गड्या. खोदणारा झाला, मालक झाला, पाऊस झाला. मुसळ थांबलं नाही.

भेग पाळीची बुजवून गेला, बोडी त्याची होये,
नाव पुसाले धावले लोक, वळून पाहत नाये.

शेवंताबाई बरोबरीनं गात होती, एकही शब्द न अडखळता. रोज गायलेलं गाणं माणूस जसं गातो तसं.

"पोळ्याले सवाल कानावर आला, तवापासून घोकून राहिले," ती म्हणाली. "या मुसळाले बी पाठ झालं हे कडवं. आन् त्या मान्साले म्हनता, सुचलंच नाही."

"मंग काय म्हनू? पुन्यापर्यंत उचलून नेलं असतं त्यानं. एवढ्या दूर कोनी ओझं नेते काय?"

"आन् तुमचं?"

मुसळ जरा जोरात खाली आलं.

"पाहून टाक," अंतारामभाऊ म्हणाले. "हात आहे माहा मधात."

माझा मफलर समोर बाजेवर दिसत होता. कुडाचं फाटक लोटलं असतं तर दोन पावलांवर. पण मी आत गेलो असतो तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. मग त्यांनी केलेलं सगळं वाया गेलं असतं. मी तिथून, चपला हातात घेऊन, मागं फिरलो. माझ्या खिशात पैसे होते, पिशवीत पुण्याहून आणलेली भाकरवडी होती, आणि यातलं काही कुणाला देता येत नव्हतं.

पाळीवर खेकड्यानं पुन्हा भोक पाडलं होतं. परवा हिरामणनं दाबलेली माती बाजूला पडली होती. मी वाकलो, ढेकूळ घेतलं, आत घातलं, टाचेनं दाबलं. मग मागं वळून पाहिलं, कुणी बघतंय का.

कुणी नव्हतं. पण मी वळून पाहिलं होतं.

रेंगीत चढलो तेव्हा हिरामणनं कासरा ओढला. "भेटला काय मफलर?"

"नाही," मी म्हणालो. "चल."